फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू जुळत नाहीत? ‘ड्राफ्टर गेला’ म्हणण्याआधी हे तपासा

हाताने काढायच्या मेकॅनिकल ड्रॉइंगच्या स्पर्धेत एक दोष वर्षानुवर्षं त्याच रूपात समोर येतो. फ्रंट व्ह्यूतल्या भोकाची मध्यरेषा खाली टॉप व्ह्यूत उतरवली की मिलिमीटर-दीड मिलिमीटर बाजूला पडते. साइड व्ह्यूची उंची फ्रंट व्ह्यूशी बसत नाही. शीट दिसायला स्वच्छ असते, रेषा ठसठशीत असतात, पण परीक्षकाने एकदा पट्टी लावली की मार्क गेलेच. मुलांचं निदान ठरलेलं असतं: ड्राफ्टर, म्हणजे बोर्डला क्लॅम्पने लावायचं दोन काटकोनी पट्ट्यांचं उपकरण, गेला. मग बडोद्याच्या रावपुऱ्यात जाऊन नवा आणायचा आणि पुढच्या शीटवर पुन्हा तीच रड.

ड्राफ्टर खराब होतो, पण क्वचित. बहुतेक वेळा दोष पेन्सिलीत, टेपमध्ये किंवा क्लॅम्पखालच्या लाकडात असतो. तो नेमका कुठे आहे हे फरकाच्या स्वभावावरून कळतं. म्हणून आधी काही खोलू नका. चुकलेली शीट पुढ्यात घ्या, स्टीलची ३०० मिमी पट्टी घ्या आणि फरक कुठे किती आहे ते चार-पाच ठिकाणी मोजून शीटच्याच पाठीवर लिहा.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

फरक सगळीकडे सारखाच आहे, म्हणजे डावीकडेही अर्धा मिमी आणि उजवीकडेही अर्धाच, तर ती मोजण्याची किंवा पेन्सिल धरण्याची चूक. ड्राफ्टरला हातही लावू नका.

फरक अंतराबरोबर वाढत जातो, जवळ शून्य आणि लांब दीड मिमी, तर कोन बिघडलाय. पाव अंश डोळ्याला दिसत नाही, पण ३०० मिमी अंतरावर तो १.३ मिमी होतो. इथे संशयित तीन: क्लॅम्प, डोक्यावरचा (पट्ट्या जिथे बसतात आणि कोन लावतात त्या भागावरचा) शून्य, किंवा दोन पट्ट्यांमधला काटकोन.

पहिला तासभर सगळं बरोबर आणि नंतर एकदम बिघडलं, तर मधेच काहीतरी हललं. टेप सुटली किंवा क्लॅम्प फिरला.

फरक कधी वर, कधी खाली, ताळमेळच नाही, तर सांध्यांमध्ये खेळ आहे. किंवा डावा हात पट्टीवर दर वेळी वेगळा दाब देतोय. दुसरी शक्यता आधी तपासा, ती फुकट आहे.

फक्त साइड व्ह्यूतली खोली चुकते आणि उंची जुळते, तर ४५ अंशांची रेषा बघा. फक्त वर्तुळं आणि स्पर्शरेषा फसतात, तर कंपास. या दोघांचं खाली वेगळं लिहिलंय.

आता तपासण्या, फुकटच्या आधी. क्रम मोडू नका. सांधे आवळायला बसलात आणि दोष पेन्सिलीत निघाला, तर चांगला ड्राफ्टर मात्र हातचा जाईल.

प्रश्न नीट वाचलाय ना?

अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्याकडे एसपी ४६ या भारतीय ड्रॉइंग मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल मांडणी चालते: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. प्रश्नावर छिन्न शंकूचं चिन्ह थर्ड अँगलचं (टॉप व्ह्यू वर) असेल आणि तुम्ही सवयीने फर्स्टमध्ये मांडलं असेल, तर ‘जुळत नाही’ याचा अर्थ निराळाच आहे.

पेन्सिल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. ड्राफ्टरच्या पट्टीची कड कागदाला पूर्ण टेकत नाही, थोडी उचललेली असते. कड २ मिमी उंच आहे आणि पेन्सिल पट्टीच्या दिशेने किंवा उलट १५ अंश कलली, तर रेषा अर्धा मिमी सरकते. बसून रेषा काढली की कल एक, उभं राहून काढली की दुसरा. शीटच्या वरच्या भागाला हात पोचत नाही म्हणून मुलं उभी राहतात आणि नेमका तिथेच फ्रंट व्ह्यू असतो.

पेन्सिल ओढायच्या दिशेने साधारण ६० अंशांवर झुकलेली असावी, पण पट्टीच्या बाजूने पाहिलं तर ताठ. लाकडी पेन्सिलीचं टोक शंकूसारखं असेल तर ओढताना ती बोटांत सावकाश फिरवा, म्हणजे एका बाजूने झिजत नाही. बोथट २एच (कडक शिशाची पेन्सिल) अर्ध्या मिमीची रेषा काढते. त्या रेषेची डावी कड धरायची की उजवी, हे दर वेळी वेगळं ठरतं आणि तिथे फरक शिरतो. बारीक सँडपेपरचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून जवळ ठेवा आणि दर सात-आठ रेषांनी टोक घासा. घासलेली पूड शीटवर झटकू नका.

०.५ ची क्लच पेन्सिल वापरत असाल तर तिची धातूची नळी पट्टीला घासत चालते, त्यामुळे शिसं कडेपासून ठरावीक अंतरावरच राहतं. प्रोजेक्शनसाठी, म्हणजे एका व्ह्यूतून दुसऱ्यात रेषा उतरवायला, हे उत्तम, पण एक अट: खूण ज्या पेन्सिलीने केली, रेषाही तिनेच ओढायची.

आणि एक सवय, जिच्यासाठी दमडी लागत नाही. पट्टी खुणेवर नेऊन मग पेन्सिल टेकवू नका. आधी पेन्सिलीचं टोक खुणेवर टेकवा, मग पट्टी सरकवत टोकाला भिडवा. एवढ्याने ‘सगळीकडे सारखा फरक’ या तक्रारीतला मोठा भाग संपतो.

पट्टी आणि मापं

ड्राफ्टरच्या पट्टीचा शून्याचा कोपरा सगळ्यात आधी झिजतो. उपाय म्हणून १० पासून मोजायला सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण घाईत ते १० वजा करायचे राहतात आणि आख्खा व्ह्यू १० मिमीने लांब होतो. फरक बरोबर १० मिमीचा असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

दोन्ही पट्ट्यांची मापं एकमेकींशी जुळतात का, तेही बघा. डिव्हायडर (दोन्ही पायांना सुई असलेला कंपास) स्टीलच्या पट्टीवर २०० ला उघडा आणि आडव्या, उभ्या दोन्ही पट्ट्यांवर ठेवून पाहा. स्वस्त पट्टीवर छपाईच सरकलेली असू शकते. तसं असेल तर ड्राफ्टरचा उपयोग फक्त रेषा ओढायला करा, मापं सगळी एकाच स्टीलच्या पट्टीने घ्या.

साखळीने मोजणं हा दुसरा चोर. सहा मापं एकापुढे एक घेतली आणि प्रत्येकात पाव मिमी इकडेतिकडे झालं, तर शेवटच्या खुणेपर्यंत दीड मिमीपर्यंत जाऊ शकतं. एकाच कडेपासून, पट्टी न हलवता, बेरीज करून सगळ्या खुणा एकदम केल्या तर शेवटचीही पाव मिमीतच राहते. प्रश्नात मापं साखळीने दिली असली तरी बेरजा आधी कोपऱ्यात करून घ्या. दोन मिनिटं जातात, परवडतात.

शीट

बोर्डवर शीट लावायचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. आधी शीट चिकटवतात आणि मग ड्राफ्टर शीटच्या कडेशी जुळवत बसतात. शीटची कापलेली कड काटकोनात असेलच असं नाही. आधी ड्राफ्टर बसवा, डोकं शून्यावर लॉक करा, मग शीटची वरची कड आडव्या पट्टीला लावा आणि टेप मारा. वरचा डावा कोपरा, मग समोरचा खालचा उजवा हलकेच ताणून, मग उरलेले दोन. टेप कोपऱ्यावर तिरपी लावा. पिना नकोत: बोर्डला भोकं पडतात आणि पट्टी पिनेच्या डोक्यावर चढते. लोखंडी क्लिपांचंही तेच.

बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये कागदाची वेगळी कटकट असते. कार्ट्रिज शीट (ड्रॉइंगचा जाड कागद) दमट हवेत फुगते, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. ए२ शीट ५९४ बाय ४२०ची. ओलसर हवेतून एसी हॉलमध्ये आली की मिलिमीटरभर आक्रसायला तिला फार वेळ लागत नाही. पहिल्या तासात काढलेला फ्रंट व्ह्यू आणि दुसऱ्या तासातला साइड व्ह्यू मग वेगवेगळ्या मापाच्या कागदावर काढल्यासारखे होतात. सरावाची शीट नळकांड्यात बंद ठेवा आणि वापरायच्या अर्धा तास आधी खोलीत सपाट पसरून ठेवा. स्पर्धेत शीट तिथेच मिळते, तेव्हा हे हातात नसतं. मग एकच इलाज: एक व्ह्यू पूर्ण करून दुसऱ्याला हात घालायचा नाही. तिन्ही व्ह्यूंच्या चौकटी, मध्यरेषा आणि सामायिक उंच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत २एचने फिकट उमटवून घ्यायच्या. पुढे कागद काहीही करो, तिन्ही व्ह्यू एकत्र आक्रसतात. चांगला कारागीर ओल नसतानाही असंच करतो, कारण पट्टी एका उंचीवर असताना त्या उंचीच्या सगळ्या रेषा ओढून होतात.

क्लॅम्प

फरक अंतराबरोबर वाढतोय किंवा मधेच बिघडलाय, तर इथे थांबून नीट बघा. मिनी ड्राफ्टरमध्ये सळ्यांचे दोन समांतरभुज चौकोन असतात. डोकं कुठेही न्या, क्लॅम्पशी त्याचा कोन बदलत नाही. म्हणजेच क्लॅम्प पाव अंश फिरला की शीटवरची त्यानंतरची प्रत्येक रेषा पाव अंशाने तिरकी. गंमत अशी की क्लॅम्प न फिरता नुसता सरळ बाजूला सरकला तर काहीच बिघडत नाही. म्हणून ‘घट्ट आहे ना’ एवढं पाहून भागत नाही, तो फिरतोय का ते बघायचं.

क्लॅम्प बसवल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना बोर्डच्या लाकडावर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारा. या साक्षीखुणा. तासाभराने बघा: एका बाजूला फट पडली आणि दुसरीकडे रेघ झाकली गेली तर क्लॅम्प फिरलाय.

कारणं बहुतेक बोर्डच्या कडेवरच सापडतात. वार्निशचा गोळा, जुन्या टेपचा डिंक, क्लॅम्पच्या स्क्रूने पाडलेला खड्डा. नखाने चाचपा. डिंक थिनरच्या बोळ्याने पुसा, गोळा सँडपेपरने घासा. खड्डा असेल तर क्लॅम्प चार-पाच सेंटीमीटर सरकवून कोऱ्या लाकडावर लावा. तरीही घसरत असेल तर सँडपेपरची पट्टी दुमडून, खरखरीत बाजू दोन्हीकडे येईल अशी, क्लॅम्प आणि लाकूड यांच्यामध्ये घाला. स्क्रू बोटांनीच आवळा. पक्कड लावली की मऊ धातूतले आटे जातात, आणि आटे गेलेला क्लॅम्प परत कधीच धरत नाही.

डोकं आणि काटकोन

क्लॅम्प पक्का झाल्यावर फेरीची चाचणी. शीटच्या मधोमध १०० मिमीची आडवी रेषा काढा. डोकं चारही कोपऱ्यांत फिरवून परत त्याच रेषेवर आणा. पट्टी रेषेवर तंतोतंत बसली पाहिजे. बसत नसेल आणि साक्षीखुणा जागच्या जागी असतील, तर डोक्याची लॉकची घुंडी सैल आहे किंवा सांध्यात खेळ आहे. घुंडी आधी आवळून बघा.

मग काटकोन. तीन-चार-पाचचा नियम ए२ शीटवर १८०-२४०-३०० असा छान बसतो. एका बिंदूतून आडवी रेषा २४० मिमी, उभी १८० मिमी, आणि टोकांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ३०० भरलं तर काटकोन ठीक. ३०१ किंवा २९९ भरलं तर कोन सुमारे ०.४ अंश चुकलाय. एवढ्या चुकीने २०० मिमी खाली उतरवलेली मध्यरेषा १.४ मिमी बाजूला जाते. अर्ध्या मिमीच्या आत असेल तर स्पर्धेसाठी सोडून द्या, तेवढं कुणी पकडत नाही.

दुरुस्ती करण्याआधी पट्टी सरळ आहे ना ते बघा. तिच्या कडेने दोन बिंदूंमधून रेषा काढा, पट्टी उलटून त्याच दोन बिंदूंमधून दुसरी काढा. मधे फट दिसली तर पट्टी कमानदार आहे, फटीच्या निम्म्याने. उन्हाळ्यात ड्राफ्टर स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांच्या पट्ट्या अशाच जातात. वाकलेली पट्टी गरम करून सरळ करू नका, बदला. पट्टी सरळ असेल तर ती जिथे डोक्याला बसते तिथले दोन लहान स्क्रू अर्धा फेरा ढिले करा, सेटस्क्वेअर दोन्ही पट्ट्यांमध्ये घट्ट दाबून ठेवा आणि स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की पट्टी पुन्हा फिरते. अर्थात सेटस्क्वेअर स्वतः खरा हवा: एका पट्टीवर ठेवून उभी रेषा काढा, तो पालथा करून त्याच पायापासून परत काढा. दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या तर खरा.

४५ अंशांची रेषा आणि कंपास

टॉप व्ह्यूतली खोली साइड व्ह्यूत न्यायला जी तिरपी रेषा काढतात, ती ४५ ऐवजी ४४ अंश झाली तर ६० मिमीची खोली जवळपास २ मिमीने चुकते. ती ड्राफ्टरच्या कोनमापकावर भरवसा ठेवून काढू नका. कोपऱ्यापासून आडवं १०० आणि उभं १०० मोजून चौरस पूर्ण करा आणि कर्ण जोडा. वेळ नसेल तर ती रेषाच टाळा आणि खोली डिव्हायडरने उचलून ठेवा. डिव्हायडरला कोन ठाऊक नसतो.

कंपासची सुई शिशापेक्षा सुमारे १ मिमी पुढे असावी, कारण तेवढी ती कागदात रुतते. शिसं बाहेरच्या बाजूने तिरपं घासलेलं असावं आणि पेन्सिलीपेक्षा एक नंबर मऊ, म्हणजे रेषा एचची तर कंपासमध्ये एचबी. कंपासवर तितका जोर देता येत नाही आणि कडक शिशाचं वर्तुळ शेजारच्या रेषेपुढे फिकं दिसतं. मोठ्या त्रिज्येला दोन्ही पाय गुडघ्यातून वाकवून कागदाला काटकोनात आणा. वर्तुळाची दोन टोकं मिळत नसतील तर बिजागरीचा स्क्रू जरा आवळा. आणि क्रम: आधी वर्तुळं आणि चाप, मग त्यांना भिडणाऱ्या सरळ रेषा.

सांध्यांचा खेळ

इथून पुढे हात जपून. एका हाताने क्लॅम्प धरा, दुसऱ्याने डोकं हलकेच पिळा. लांब पट्टीचं टोक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर खेळ आहे. स्क्रू-नटचे सांधे असतील तर नट पाव फेरा आवळा, पुन्हा बघा, बस्स. जास्त आवळलं की डोकं अडकत चालतं, मुलं ते ढकलतात आणि सळ्या वाकतात. सळ्या काढल्याच तर समोरासमोरच्या जोड्या काचेवर शेजारी ठेवून बघा: भोकापासून भोकापर्यंतचं अंतर दोघींचं सारखं हवं. तसं नसेल तर तो समांतरभुज उरत नाही आणि रेषेचा कोन शीटवर जागेप्रमाणे बदलतो.

बोर्ड सगळ्यात शेवटी. स्टीलची लांब पट्टी दोन्ही कर्णांवर उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात जुना टी-स्क्वेअर पडलेला असतोच. त्याची पात सरळ असेल तर या कामाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

कुठे थांबायचं

सांधे रिव्हेटचे असतील तर घरी हातोडी मारू नका. सळी वाकली असेल, क्लॅम्पचे आटे गेले असतील, किंवा दोनदा जुळवूनही १८०-२४०-३०० मध्ये १ मिमीपेक्षा जास्त फरक राहत असेल, तर तुमचं काम संपलं. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या फिटरला किंवा इन्स्ट्रक्टरला दाखवा. रिव्हेट बदलणं, झिजलेल्या भोकात बुश (धातूची लहान नळी) घालणं हे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान मशीन शॉपमध्येही होतं. तिथे ‘ड्राफ्टर दुरुस्त करा’ असं मोघम सांगू नका. कुठल्या सांध्यात किती खेळ आहे ते मार्करने खूण करून द्या आणि दोन्ही सळ्यांची भोकं एकत्र धरून पाडायला सांगा. खर्च नव्या मिनी ड्राफ्टरच्या निम्म्यावर जात असेल तर नवाच घ्या, आणि दुकानातच सांधे पिळून बघा. पिळलेला बोर्ड सुताराकडे. घरी रंधा मारून पृष्ठभाग सपाट होत नाही, उलट खळगे वाढतात.

स्पर्धेच्या दिवशी दुरुस्तीला हात घालायचा नाही. जागेवर बसल्याबरोबर बोर्डची कड चाचपा, क्लॅम्प लावा, साक्षीखुणा करा, फेरीची चाचणी घ्या. पाच मिनिटांत होतं. बोर्ड खराब निघाला तर पहिली रेषा ओढण्याआधी पर्यवेक्षकांना सांगून बदलून मागा. रेषा पडल्यावर बोर्ड बदलणं म्हणजे शीट उखडणं. मधेच ड्राफ्टरने दगा दिला तर तो काढून बाजूला ठेवा आणि स्टीलची पट्टी व दोन सेटस्क्वेअर यांवर या. पट्टी सुरुवातीच्या आडव्या रेषेवर दाबून धरा, तिच्यावर सेटस्क्वेअर सरकवत उभ्या रेषा काढा, आणि बिघाडानंतर ओढलेल्या रेषा तेवढ्याच खोडून त्यांची मापं पुन्हा पहिल्या कडेपासून घ्या.